एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये वाढलेल्या मुलांना ‘कंपनी’ हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. “बाबा कुठे असतात?” “कंपनीत.” एवढ्यावर प्रश्न संपतो. आमच्या घरात मात्र या शब्दाला दोन अर्थ होते. आबा ‘आमची कंपनी’ म्हणाले की कधी तो रोड नंबर सोळावरचा कारखाना असे, तर कधी शंभर-सव्वाशे जवानांची ती वर्कशॉप कंपनी, जिच्याबरोबर त्यांनी १९७१ चा डिसेंबर काढला होता. कोणती कंपनी ते बोलण्यावरून कळायचं. कारखान्याबद्दल बोलताना ते शिफ्टच्या वेळा सांगत, पलटणीबद्दल बोलताना माणसांची नावं घेत.

आबा सातारा जिल्ह्यातले. चोवीस वर्षं ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची वाहनं आणि यंत्रं चालती ठेवणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक होते. १९९२ साली हवालदार म्हणून ‘पेन्शन आले’. आमच्याकडे असंच म्हणतात. फौजी निवृत्त होत नाही, पेन्शन येतो. वय बेचाळीस, दोन मुलं शाळेत, गावी दोन एकर जिराईत. किसननगरमध्ये चुलत्यांच्या खोलीत आम्ही उतरलो आणि महिन्याभरात आबा एका कारखान्याच्या फाटकावर उभे राहिले. शाळा सुटल्यावर मी त्यांचा डबा घेऊन जात असे. आत शिरणाऱ्या ट्रकच्या इंजिनाचा आवाज ऐकून ते ड्रायव्हरला सांगायचे, “नोझल बघून घे, बाबा.” पुढे पुढे काही ड्रायव्हर गाडीनं त्रास दिला की आधी फाटकावर यायला लागले. आत मेंटेनन्स खात्यात माणसं कमी होती. तरी अकरा वर्षांत त्या खात्यातल्या जागेबद्दल आबांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही तोंड उघडून मागितली नाही. नोकरी सुटली त्या दिवशीच्या कागदावर हुद्दा होता ‘वॉचमन’.

त्या कारखान्यातली माणसं वाईट नव्हती. दिवाळीला मिठाई द्यायची, सव्वीस जानेवारीला झेंडा आबांच्याच हातून चढवून घ्यायची. त्यांना डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून बाहेर पडताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, वाचता येत नव्हतं, इतकंच. ट्रेड, क्लास, कोर्स, शेरा, सगळं त्या छोट्या पुस्तकात लिहिलेलं होतं. ते उघडून बघावं असं कुणाला वाटलं नाही, कारण ‘मिलिटरीवाला’ म्हटलं की त्याची जागा फाटकावर, हे आधीच ठरलेलं होतं. आपल्या समाजाला सैनिकाला सलाम करता येतो, पण त्याचं काम वाचता येत नाही. हे पुस्तक त्या न वाचलेल्या पानांसाठी आहे.

विषयाला नव्यानं भेटणाऱ्या वाचकासाठी आधी त्याचा आवाका सांगते. आपल्या तिन्ही सैन्यदलांतून दर वर्षी साधारण ६०,००० माणसं बाहेर पडतात. फौज तरुण राहिली पाहिजे, म्हणून शिपायाला सतरा ते एकोणीस वर्षांच्या सेवेनंतर आणि हवालदाराला चोवीस-सव्वीस वर्षांनंतर घरी पाठवतात. पंधरा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो. त्यामुळे बहुतेक जण पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान बाहेर येतात. सरकारी कचेरीतला माणूस ज्या वयात बढतीची वाट पाहत असतो, त्या वयात फौजी नव्यानं अर्ज लिहायला बसतो. अठराव्या वर्षी भरती झालेल्या त्या माणसानं आयुष्यात कधी मुलाखत दिलेली नसते, घरभाड्याचा करार केलेला नसतो, मुलाच्या शाळाप्रवेशासाठी रांग लावलेली नसते. क्वार्टर, रेशन, दवाखाना, कपडे, बदली, रजा हे सगळं दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. शिवाय रोज त्याची मोजणी झालेली असते. सकाळी-संध्याकाळी गिनतीत आपलं नाव आलं नाही तर कुणीतरी शोधायला येणार, या खात्रीवर तो वीस वर्षं झोपलेला असतो. सिव्हिलमध्ये आल्यावर आपण दिवसभर कुठे होतो हे कुणी विचारत नाही. अनेक माजी सैनिकांनी आमच्याशी बोलताना पगाराच्याही आधी हीच गोष्ट काढली.

महाराष्ट्राला हा प्रश्न फार जुना आहे. शिवकाळातला मावळा दसऱ्याला शिलंगणाला निघे आणि पावसाच्या तोंडावर शेतात परते. ढाल आणि पाभर एकाच खुंटीखाली राहत. परत येणं हा वर्षाच्या चक्राचाच भाग होता, त्यामुळे पुनर्वसन असा वेगळा शब्दच लागत नव्हता. इंग्रजी अमलात कायम पगारी फौज रुजली आणि शेत व छावणी ही दोन वेगळी आयुष्यं झाली. मग एका आयुष्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट शोधणं आलं.

त्या वाटेचं मराठी मुलखातलं सर्वांत मोलाचं उदाहरण कोकणात, दापोलीला आहे. दापोलीच्या कॅम्पात लष्करी पेन्शनरांची वस्ती होती. १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झालेले गोपाळ बाबा वलंगकर तिथे राहिले. फौजेत मिळालेली अक्षरओळख आणि आत्मसन्मान त्यांनी अस्पृश्यतेविरुद्धच्या लिखाणात ओतला; १८८८ साली त्यांचं ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झालं. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. महूहून निवृत्त झाल्यावर तेही काही काळ दापोलीत राहिले, मग साताऱ्याला आले. पुढे खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव बांधला जात होता, तिथे ते रोखपाल होते. एक निवृत्त सुभेदार उन्हातान्हात तलावाच्या कामावर हिशेब लिहितो आणि धाकट्या मुलाच्या शिक्षणात खंड पडू देत नाही, ही आपल्याकडच्या ‘दुसऱ्या नोकरी’ची गोष्ट आहे. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच काळात, १८९२-९३ च्या सुमारास, महारांची लष्करभरती बंद झाली आणि पेन्शनीवर उभ्या राहिलेल्या कुटुंबांची पुढची वाटच खुंटली. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली, ती युद्धानंतर मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं. सैनिकाच्या परत येण्याची चर्चा करताना कुणाला जाऊच दिलं नाही आणि कुणाचं परत येणं मोजलंच नाही, हेही विचारावं लागतं, ते या इतिहासामुळे.

पहिल्या महायुद्धानं हा विषय सरकारच्या टेबलावर आणला. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. त्या गावाला आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. जे परत आले त्यांतले कित्येक हात-पाय गमावून आले. त्यांच्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं, पुढे ते पुण्याजवळ खडकीला गेलं आणि जखमी सैनिकांना हातचं काम शिकवण्याचं व्रत त्यानं शंभर वर्षांहून अधिक काळ चालवलं. याच युद्धाच्या काळात सैनिकांच्या कुटुंबांसाठी जे मंडळ स्थापन झालं, त्यातूनच आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड, राज्यांचे सैनिक कल्याण विभाग आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं ही साखळी उभी राहिली. महाराष्ट्राच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे. शाळेत आपण सगळ्यांनी ७ डिसेंबरला ध्वजदिनाचे जे छोटे कागदी झेंडे खिशाला लावले, त्यांचा निधी याच साखळीतून सैनिकांच्या कुटुंबांपर्यंत जातो.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी प्रश्न एकदम प्रचंड झाला. भारतीय फौज सुमारे २५ लाखांवर गेली होती आणि तिच्यातल्या बहुतेकांना आता घरी पाठवायचं होतं. त्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झालं आणि ठिकठिकाणी सेवायोजन कार्यालयं उघडली. वाचकहो, ज्या ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’च्या कार्डावर आपल्या दोन-तीन पिढ्यांनी नोकरीच्या कॉलची वाट पाहिली, ते मुळात परतलेल्या सैनिकासाठी निघालं होतं. फाळणीनंतर त्याचं दार निर्वासितांसाठी आणि १९४८ मध्ये सगळ्याच बेरोजगारांसाठी उघडलं. आमच्या परिसरात तर सैनिकाकडून निर्वासिताकडे जाणारी ही साखळी जमिनीवरच दिसते. कल्याणजवळ युद्धकाळात लष्कराचा मोठा ट्रान्झिट कॅम्प होता. सैनिक गेले, रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. तिथे आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतात. सैनिकाच्या सोयीसाठी उभारलेल्या कचेरीनं आणि बराकींनी पुढे इतरांना आसरा दिला. सैनिकासाठी नीट केलेली व्यवस्था सगळ्या समाजाच्या उपयोगी पडते, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला, तो इथेच, वागळे इस्टेटमध्ये. तीन महिने होण्याच्या आत चीनशी युद्ध सुरू झालं आणि त्यानंतर फौज झपाट्यानं वाढवली गेली. त्या भरतीतली पोरं पेन्शन घेऊन बाहेर आली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ऐंशीच्या दशकात, म्हणजे नेमकी गिरणी संपाच्या आगेमागे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. ज्या वाटेनं घाटावरचा आणि कोकणातला माणूस दोन पिढ्या मुंबईत शिरत होता, ती वाटच मिटली. फौजीसमोर उरलं काय? पोलिस, बँकेतला सशस्त्र रक्षक, एसटी, नाहीतर कारखान्याचं फाटक. १९८१ साली राज्यानं खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला आणि बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ आलं. रक्षकाच्या नोकरीला पगारपत्रक, फंड, रजा मिळाली, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याच सोयीमुळे फाटकाची वाट अधिक रुंद झाली आणि आतल्या शॉपफ्लोअरची तशीच अरुंद राहिली.

या दीर्घ काळात परतलेल्या सैनिकाकडे पाहण्याच्या काही ठळक विचारधारा तयार झाल्या. आज जी धोरणं आणि जे वाद दिसतात, ते यांतूनच आलेले आहेत.

पहिली धारा ऋणाची. देशानं सैनिकाचं देणं फेडलं पाहिजे, या भावनेतून पेन्शन, कॅन्टीन, वसतिगृहं, शिष्यवृत्त्या आणि २००३ पासूनची ईसीएचएस ही आरोग्ययोजना आली. ‘एक पद, एक पेन्शन’ची मागणी चार दशकं चालली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ती १ जुलै २०१४ पासून लागू झाली. ही धारा सर्वांत जुनी आणि सर्वांत सन्मानाची. तिची मर्यादा अशी की ती माणसाच्या काल केलेल्या कामाकडे पाहते. उद्या सकाळी उठून त्यानं काय करायचं, याचं उत्तर तिच्याजवळ नाही.

दुसरी धारा आरक्षणाची. केंद्र सरकारच्या गट-क पदांत १० टक्के आणि त्याखालच्या पदांत २० टक्के. सार्वजनिक उपक्रम आणि बँकांत अनुक्रमे १४.५ आणि २४.५ टक्के, महाराष्ट्र शासनाच्या गट-क आणि गट-ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण. पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी उत्तीर्ण सैनिकाला काही पदांसाठी पदवीधर मानतात. या वाटेनं हजारो घरं उभी राहिली. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे हे लष्कराच्या सिग्नल दलातून येऊन मुंबई पोलिसांत दाखल झालेले होते, हे आपण विसरता कामा नये. पण राखीव जागा असणं आणि ती भरणं यांत अंतर आहे. चाळिशीत स्पर्धा परीक्षेची गणितं सोडवायला बसलेल्या माणसाला वीस वर्षांच्या पोरांशी स्पर्धा करावी लागते आणि कितीतरी जागा ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ या शेऱ्याखाली रिकाम्या राहतात.

तिसरी धारा प्रशिक्षणाची. केंद्राचं पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, निवृत्तीच्या आधीच्या काळात जवानांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी अभ्यासक्रम चालवतं. अमेरिकेत १९४४ साली जी. आय. बिल या कायद्यानं परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च दिला. सुमारे ७८ लाख माणसांनी त्याचा लाभ घेतला आणि तिथला मध्यमवर्ग घडला. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र तेच लाभ नाना मार्गांनी नाकारले गेले. दोन्ही गोष्टी आपल्याला शिकवणाऱ्या आहेत. आपल्याकडच्या प्रशिक्षणाची अडचण वेगळी. सैनिकाला जे येतं त्याचं नागरी भाषेत रूपांतर करण्याऐवजी त्याला बहुधा काहीतरी नवंच शिकवलं जातं. नर्सिंग असिस्टंटनं सियाचीनच्या तळावर काय केलं, हे इस्पितळाच्या भाषेत कोण लिहिणार? टेक्निकल स्टोअरकीपरनं हजारो सुट्या भागांचा हिशेब ठेवला, हे गोदामाच्या मॅनेजरला कळेल असं कोण सांगणार?

चौथी धारा स्वतःच्या पायावर उभं राहण्याची. पेट्रोल पंप, वाहतूक, सुरक्षा एजन्सी यांसाठी डीजीआरच्या योजना आहेत. महाराष्ट्रानं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे ‘मेस्को’, स्थापन केलं. याच धारेचं दुसरं टोक गावाकडे जातं: १९७५ साली लष्करातून राळेगणसिद्धीला परतलेल्या अण्णा हजारेंनी पाणलोटाचं काम उभं केलं, तेव्हा परतलेला सैनिक गावाचाही कायापालट करू शकतो हे राज्यानं पाहिलं.

पाचवी धारा अभ्यासकांची आणि सर्वांत कमी ऐकली गेलेली. पहिल्या महायुद्धात स्वतः सैनिक असलेले समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शूट्झ यांनी १९४५ साली घरी परतणाऱ्यावर एक निबंध लिहिला. परतणाऱ्याला वाटतं, आपण सोडलं तसंच घर असेल. घराला वाटतं, गेला तसाच माणूस येईल. आणि दोघंही बदललेले असतात, असं त्यांचं म्हणणं. हे वाचताना मला आई आठवली. चोवीस वर्षं मनीऑर्डरवर घर तिनं चालवलं. आमची शाळा, आजीचं दुखणं, बांधावरची भांडणं, सगळं तिनं निभावलं. आबा कायमचे आले आणि त्यांनी घराचा फॉल-इन सुरू केला. दोन वर्षं त्या खोलीत फार कमी बोलणं झालं. तो काळ निभावला तो आईच्या शहाणपणानं. तिच्यासारख्या स्त्रियांचं हे काम कुठल्याच योजनेच्या कागदावर नाही. या पुस्तकात आम्ही त्यांना मुद्दाम बोलतं केलं आहे.

या सगळ्या धारा ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात एकत्र भेटतात. नौदलाच्या गोदीतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, घाटावरून आलेले पायदळातले जवान, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत दुसरी नोकरी शोधणारे, डोंबिवली एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यांवर सुरक्षा पाहणारे, असे अनेक. वागळे इस्टेटचं रूपही आमच्या डोळ्यांदेखत बदललं. लेथ आणि प्रेसचे आवाज कमी झाले, शेडच्या जागी काचेच्या इमारती आणि आयटी पार्क आले. कारखाना गेला, फाटक राहिलं. त्यावर आता स्कॅनर आहे, कॅमेरे आहेत, आणि त्यामागे गणवेशातला माणूस. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यानं अशा नेमणुकीत माजी सैनिकाला प्राधान्य देण्याची मुभा दिली. म्हणजे उद्योग बदलला, कायदा नवा आला, तरी माजी सैनिकाला पाहण्याची आपली नजर जिथल्या तिथेच राहिली. आणि हे अशा ठिकाणी, जिथे शासकीय आयटीआय आहे, ‘टिसा’सारखी लघुउद्योजकांची जुनी संघटना आहे आणि कुशल फिटर मिळत नाही म्हणून हळहळणारे मालक आहेत. गरज आणि माणूस एकाच रस्त्यावर असूनही त्यांची गाठ पडत नाही.

सुरक्षा रक्षकाच्या कामाला मी कमी लेखत नाही. त्या पगारावर आमचं शिक्षण झालं. ज्याला ते काम मनापासून करायचं आहे, त्यानं मानानं करावं आणि त्याला आठ तासांची ड्युटी व रास्त पगार मिळावा. आक्षेप आहे तो त्याला दुसरा पर्यायच न दाखवण्यावर. आणि संधी मिळाली तर काय घडतं, हेही आपण पाहिलं आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे ईएमईचेच जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अधू झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं आणि पुण्यात टेल्कोत नोकरी करून संसार उभा केला. देशाला त्यांची खरी आठवण झाली ती २०१८ च्या पद्मश्रीनं. कारखान्यानं मात्र त्यांना कितीतरी आधी आत घेतलं होतं.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर १४ जून २०२२ या तारखेत आहे. त्या दिवशी अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम, बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन बाहेर. पेन्शन नाही आणि माजी सैनिकाच्या नेहमीच्या सवलतीही नाहीत. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात. योजना बरी की वाईट, यावर या पुस्तकातले लेखकही एकमताचे नाहीत, आणि आम्ही ते मतभेद झाकलेले नाहीत. एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे. आजवर आपल्या गावात परतणारा फौजी चाळिशीचा होता आणि त्याच्या पाठीशी पेन्शन होती. आता बाविशी-पंचविशीची पोरं परततील. त्यांच्याजवळ शिस्त असेल, ताकद असेल, थोडी रक्कम असेल आणि समोर पस्तीस-चाळीस वर्षांचं कामाचं आयुष्य असेल. त्यांनाही आपण रांगेनं फाटकावर उभं केलं, तर तो त्यांचा तर तोटा आहेच, आपल्या उद्योगांचाही आहे.

या पुस्तकात तीन प्रकारचं लेखन आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि उल्हासनगरमध्ये राहणाऱ्या माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या आठवणी, त्यांच्याच बोलीत. मग हा प्रश्न वर्षानुवर्षं हाताळणाऱ्यांचे लेख: कामगार चळवळीतले कार्यकर्ते, आयटीआयचे शिक्षक, लघुउद्योजक. आणि शेवटी कामाला येईल अशी माहिती: डिस्चार्ज बुक कसं वाचावं, लष्करी ट्रेडला कारखान्याच्या भाषेत काय म्हणावं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कोणत्या कामासाठी जावं. सांगणाऱ्यांची नावं त्यांच्या इच्छेनुसार बदलली आहेत. अधिकाऱ्यांचे अनुभव इथे कमी आहेत, कारण त्यांच्यासाठी लिहिणारे आहेत. शिपाई, नाईक आणि हवालदारांसाठी फारसं कुणी लिहिलेलं नाही. युद्धाच्या कथा शोधत येणाऱ्या वाचकाला इथे त्या तुरळक सापडतील. ही माणसं रणांगणाबद्दल मोजकं बोलतात. पहिल्या मुलाखतीत “कॉम्प्युटर येतो का?” हा प्रश्न ऐकल्यावर घशाला कोरड कशी पडली, हे मात्र सविस्तर सांगतात. तो प्रसंग आम्ही लढाईइतकाच महत्त्वाचा मानला आहे.

आबा २०१४ साली गेले. त्यांच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक सापडलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. पानं नव्यासारखी करकरीत होती. इतक्या वर्षांत ते कुणी चाळलंच नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. इंजिन दुरुस्तीचे दोन वरिष्ठ कोर्स त्यांनी केले होते आणि एकात ते पहिले आले होते, हे मला त्या दिवशी कळलं. या पुस्तकाचं काम तिथून सुरू झालं.

म्हणून वागळे इस्टेटपासून अंबरनाथपर्यंतच्या प्रत्येक मालकाला, मॅनेजरला, हॉस्पिटलच्या आणि गोदामाच्या प्रमुखाला माझी एकच विनंती आहे. उद्या एखादा ताठ कण्याचा, थोडा संकोचलेला माणूस हातात जुनं पुस्तक घेऊन तुमच्या दाराशी आला, तर त्याला सिक्युरिटी सुपरवायझरकडे पाठवण्याआधी खुर्ची द्या, ते पुस्तक उघडा आणि विचारा: “तुमचा ट्रेड कोणता?”